जासुदावाचून खलिता

नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी वाजतगाजत नेलेला नारळ समुद्राला अर्पण करून मोठी माणसे हात जोडून घराकडे वळतात, परंतु पोरे मात्र किनाऱ्यावरच रेंगाळतात. कारण तो नारळ लाटांबरोबर परत येईल आणि जो आधी झडप घालील त्याचा होईल, अशी त्यांची बालंबाल खात्री असते. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका समुद्रकाठच्या गावी गेले, आणि या आशेवर मीही कित्येक वर्षे गुडघाभर पाण्यात ताटकळत उभा राहिलो आहे. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे तो नारळ दिसत असे. लाट आली की तो वर चढे, लाट गेली की खाली उतरे. एकामागून एक लाट त्याच्या खालून निघून येई, माझ्या पायांशी फुटे, आणि नारळ आपला होता तेथेच डुलत राही. एकदा काळोख पडेपर्यंत मी हललो नाही, तेव्हा मला न्यायला आलेले आजोबा म्हणाले, "अरे, येत्ये ती लाट. पाणी नाही येत. नारळ पाण्याबरोबर राहणार, लाटेबरोबर कशाला येईल?"

त्या वेळी या उत्तराने माझी निराशा तेवढी झाली. परंतु पुढे पदार्थविज्ञानाची पुस्तके हाती आली तेव्हा ध्यानात आले, की आजोबांनी सहज सांगितलेली गोष्ट हाच तरंगविद्येचा पहिला पाठ आहे. खोल समुद्रात लाट पुढे सरकत असता पाण्याचा प्रत्येक कण उभ्या वर्तुळात एक फेरा घेतो आणि जवळजवळ आपल्या मूळ स्थानी परत येतो. जसजसे खाली जावे तसतशी ही वर्तुळे लहान होत जातात, आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्याइतक्या खोलीवर तर वरच्या खळबळीची गंधवार्ताही उरत नाही. दक्षिण महासागरातील वादळांनी उठविलेल्या लांबलचक लाटा सहस्रावधी किलोमीटर अंतर तोडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन आदळतात, तथापि त्या वादळाने घुसळलेले पाणी मागे आपल्या ठिकाणीच राहिलेले असते. भरतीचा ओघ किंवा वाऱ्याचा रेटा एखादा नारळ किनाऱ्याला लावीत नाही असे नाही, परंतु ते काम लाटेचे नव्हे. मग एवढा दूरचा प्रवास केला तो कोणी?

या प्रश्नाने आपल्याकडील नैयायिकांनाही कुतूहलात पाडले होते, आणि त्यांनी तो विचारला तो शब्दाविषयी, म्हणजे ध्वनीविषयी. दूर वाजलेल्या नगाऱ्याचा ध्वनी माझ्या कानापर्यंत येतो, तेव्हा तोच ध्वनी चालत येतो काय? त्यांचे उत्तर असे, की पहिला ध्वनी आपल्या शेजारी दुसरा उत्पन्न करून नाहीसा होतो, दुसरा तिसऱ्याला जन्म देतो, आणि या परंपरेतील शेवटचा तेवढा आपल्या कानी पडतो. यासाठी त्यांनी दोन दृष्टान्त योजिले आणि सतराव्या शतकातील विश्वनाथांच्या 'भाषापरिच्छेदा'त ते दोन्ही एकत्र आढळतात: एक वीचीतरंगन्याय, म्हणजे लाटेतून लाट उठावी तसे, आणि दुसरा कदंबगोलकन्याय, म्हणजे कदंबाच्या वाटोळ्या कळीवर सर्व अंगांनी एकदम केसर फुटावेत तसे. पहिला दृष्टान्त प्रसाराची रीत सांगतो आणि दुसरा प्रसाराची दिशा. त्यांच्यापाशी मोजमाप नव्हते, ध्वनीचा आश्रय ते हवेत न मानता आकाश नामक द्रव्यात मानीत, आणि आधुनिक विज्ञान त्यांना आधीच ठाऊक होते असे म्हणणे हा त्यांचा गौरव नसून त्यांच्या प्रामाणिक विचाराचा अनादर होय. परंतु पुढे जाणारी वस्तू वेगळी आणि उत्पन्न होत जाणारी अवस्था वेगळी, हा भेद त्यांनी निःसंदिग्धपणे ओळखला होता, एवढे श्रेय निखळ त्यांचेच आहे.

व्यवहारातला दाखला हवा असेल तर जुन्या डाकेचा घ्यावा. मोहिमेवरच्या सरदारापासून हुजुरापर्यंत बातमी तातडीने पोहोचावी म्हणून वाटेवर डाक बसवीत. टप्प्याटप्प्यावर जासूद तैनात असत. एकाने खलिता घेऊन आपला टप्पा धावावे, पुढच्या चौकीवरच्या जासुदाच्या हाती तो द्यावा आणि माघारी आपल्या जागी यावे. खलिता शेकडो कोस जाई, परंतु कोणताही एक जासूद आपल्या टप्प्याबाहेर पाऊल टाकीत नसे. पदार्थातून जाणाऱ्या तरंगाचे वर्तन नेमके असेच असते. आपण बोलतो तेव्हा तोंडासमोरची हवा किंचित दाबली जाते, ती दाबलेली हवा पुढच्या हवेला दाबते आणि स्वतः पूर्ववत सैल होते. संपीडन आणि विरलन यांची ही मालिका ऐकणाऱ्याच्या कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचते. साध्या संभाषणात हवेचा थर आपल्या जागेपासून मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतकाही हलत नाही, आणि तेवढ्या हलण्यावर मनुष्यजातीचे सारे बोलणे, गाणे आणि रडणे चालले आहे.

आता खलिता किती वेगाने जाईल हे कशावर अवलंबून? दोन गोष्टींवर. जासूद अंगाने जड असेल तर हलायला वेळ लावील, हे त्याचे जडत्व. आणि हुकुमाची सक्ती जितकी कडक तितका तो चटकन निघेल, ही पदार्थाची स्थितिस्थापकता, म्हणजे दाबले असता मूळ स्थितीला परत येण्याची ओढ. ओढ अधिक तर वेग अधिक, जडत्व अधिक तर वेग कमी. न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'प्रिन्सिपिया'त याच तत्त्वावर हवेतील ध्वनीचा वेग गणिताने काढला, आणि तो प्रत्यक्ष मोजलेल्या वेगापेक्षा सुमारे सहावा-सातवा हिस्सा कमी भरला. ही तफावत मिटविण्यासाठी त्याने हवेतील कणांच्या जाडीची आणि बाष्पाची जी कैफियत दिली ती टिकली नाही. खरे कारण लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१६ मध्ये दाखविले: हवा इतक्या झटकन दाबली जाते की दाबण्याने उत्पन्न झालेल्या उष्णतेला निघून जायला अवसरच मिळत नाही, आणि ती तापलेली हवा न्यूटनने धरले होते त्याहून अधिक जोराने उलट रेटते. सायकलच्या पंपाचे टोक बोटाने दाबून धरून दट्ट्या हाणला असता पंप गरम लागतो, तीच ही उष्णता.

हवेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार मनोवेधक वाटते. हवेचे रेणू स्वस्थ कधीच नसतात. ते सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने सैरावैरा धावत आणि परस्परांवर आदळत असतात, आणि ध्वनीची बातमी या टकरींतूनच पुढे दिली जात असल्यामुळे ती या धावणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने जाऊ शकत नाही. म्हणूनच हवेतील ध्वनीचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून नसून तापमानावर अवलंबून आहे: शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.६ मीटरची भर. विदर्भातल्या ४२ अंशांच्या दुपारी मारलेली हाक महाबळेश्वरच्या १० अंशांच्या पहाटे मारलेल्या हाकेपेक्षा सेकंदाला जवळजवळ २० मीटर अधिक धावते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजलेल्या सेकंदांना तिनाने भागावे, म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते, हा आडाखाही याच वेगावरून बसविलेला आहे.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड, तेव्हा त्यात ध्वनी मंदावेल असे कोणालाही वाटावे. परंतु दाबाला दाद न देण्यात पाणी हवेपेक्षा सुमारे १५,००० पट हट्टी आहे, आणि या दोहोंच्या झटापटीत सरशी हट्टाचीच होते. १८२६ मध्ये कोलाडों आणि स्टुर्म या दोघांनी जिनेव्हाच्या सरोवरावर रात्रीच्या वेळी दोन नावा सुमारे १३ किलोमीटरांच्या अंतरावर उभ्या केल्या. एका नावेतून पाण्यात टांगलेल्या घंटेवर टोला पडताक्षणीच बंदुकीच्या दारूचा भडका उडे, आणि दुसऱ्या नावेतला निरीक्षक पाण्यात बुडविलेल्या लांब कर्ण्याला कान लावून त्या उजेडापासून घंटेच्या नादापर्यंतचा काळ मोजी. तो सुमारे ९ सेकंद भरला. वेग निघाला सेकंदाला १,४३५ मीटर, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. पोलादात तर तो ५,००० मीटरांच्याही वर जातो, आणि रुळाला कान लावून आगगाडीची चाहूल घेण्याची पोरवयातली धोक्याची खोड याच गुणावर पोसलेली आहे.

येथवर जासूद धावतो त्याच दिशेने खलिता जात होता. अशा तरंगांना अनुतरंग म्हणतात. परंतु विहिरीच्या थारोळ्याशी पडलेला मोटेचा नाडा एका टोकाला धरून वरखाली झटका दिला, तर नाड्याचा प्रत्येक पीळ वरखाली होतो आणि वळसा मात्र लांबीच्या दिशेने पळत जातो. हे अवतरंग. यांच्यासाठी पदार्थाला केवळ दाबण्याचा विरोध असून भागत नाही. त्याला आपला आकार राखण्याची ओढ असावी लागते, कारण एक थर आडवा सरकला असता त्याने शेजारच्या थराला आपल्याबरोबर ओढले पाहिजे. घन पदार्थांपाशी ही ओढ असते, आणि हवेपाशी वा पाण्याच्या अंतर्भागात ती नसते. हा भेद वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु पृथ्वीच्या पोटात काय आहे याचा उलगडा मनुष्याला याच भेदाने करून दिला, आणि पुढे प्रकाशाच्या बाबतीत मोठमोठ्या बुद्धिमंतांना याच भेदाने शतकभर कोड्यात टाकले.

१२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम याने त्याची तपासणी केली, आणि दूर युरोपातील उपकरणांवर उमटलेल्या त्याच्या रेघा वाचताना त्याच्या ध्यानात आले, की धक्के तीन निरनिराळ्या वेळी पोहोचले आहेत: आधी दाबाचे अनुतरंग, मागून आडवे अवतरंग, आणि शेवटी पृष्ठभागावरून रांगत आलेले तरंग. एकाच दरबारातून एकाच क्षणी निघालेले हे तीन खलिते होत. १९०६ मध्ये त्यानेच अशा नोंदींवरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखविले. पुढे सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखाली अवतरंग मुळी जातच नाहीत असे स्पष्ट झाले, आणि ज्यातून अवतरंग जात नाहीत ते द्रव असले पाहिजे, या न्यायाने जेफ्रीज या इंग्रज भूभौतिकशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये तो गाभा द्रवरूप असल्याचा निवाडा दिला. त्या द्रवाच्याही आत आणखी एक अंतर्गाभा आहे, हे इंगे लेहमान या डॅनिश विदुषीने १९३६ मध्ये तरंगांच्या किंचित वळणावरून ओळखले. जेथे मनुष्याचे पाऊल किंवा सब्बल कधी पोहोचणार नाही तेथली ही माहिती केवळ थरथरीने वर आणून दिली.

महाराष्ट्रात हे लिहिताना लेखणी जड होते. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट विसरू म्हणता विसरत नाहीत. किल्लारीच्या पंचक्रोशीत तर गणपती पोहोचवून लोक नुकतेच निजले होते. भूपृष्ठाखालच्या खडकातून अनुतरंग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर आणि अवतरंग सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने जातो, म्हणून तेथून तीनशे किलोमीटरांवरील पुण्यात या दोहोंमध्ये अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतर पडते. परंतु भिंती पाडणारा धक्का बहुधा दुसरा असतो, आणि केंद्राच्या डोक्यावरच वसलेल्या गावात पहिल्या धक्क्यापासून दुसऱ्यापर्यंत सेकंद-दोन सेकंदांहून अधिक अवधी मिळत नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली निजलेल्या माणसाला तेवढ्या अवधीत अंथरुणावर उठून बसणेही शक्य नव्हते.

हे सारे तरंग आपापल्या जासुदांचे बांधील होत. जासूद काढून घेतला तर काय होईल, हा प्रयोग रॉबर्ट बॉइल याने १६६० च्या सुमारास करून पाहिला: काचेच्या भांड्यात घड्याळ टांगून त्यातील हवा पंपाने उपसली असता त्याची टिकटिक क्षीण होत ऐकू येईनाशी झाली. परंतु ऐकू येईनासे झालेले ते घड्याळ दिसत मात्र होते! भांड्यातून हवा निघून गेली तरी प्रकाशाच्या येण्याजाण्यात यत्किंचितही अडथळा पडला नाही. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये पंधरा कोटी किलोमीटर पसरलेले जे जवळजवळ रिते अवकाश आहे, त्यातून सूर्याचा गडगडाट आपल्यापर्यंत येत नाही, परंतु त्याचे ऊन येते, आणि त्या उन्हावर आपली शेते पिकतात.

प्रकाशाला यायला काळ लागतो हे डॅनिश ज्योतिषी रोमर याने १६७६ मध्ये दाखविले. गुरूचा उपग्रह त्याच्या सावलीत शिरण्याच्या वेळा, पृथ्वी गुरूपासून दूर असता, हिशेबापेक्षा उशिरा पडतात आणि जवळ असता लवकर, हे त्याने हेरले होते. प्रकाश हा तरंग आहे, हे हायगेन्सने १६९० मध्ये मांडले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यंग व फ्रेनेल यांनी निर्विवाद केले. कारण प्रकाशात प्रकाश मिळविला असता काही ठिकाणी अंधार पडतो, आणि अशी वजाबाकी तरंगांवाचून संभवत नाही. मग तरंग म्हटला की काहीतरी हलले पाहिजे. त्या 'काहीतरी'ला ईथर असे नाव मिळाले, आणि सर्व विश्व त्याने काठोकाठ भरलेले आहे असे विद्वानांनी गृहीत धरले.

येथे मोटेच्या नाड्याचा धडा आडवा आला. ध्रुवणाच्या, म्हणजे प्रकाशाचे कंपन एकाच प्रतलात बांधण्याच्या, प्रयोगांवरून फ्रेनेलने १८२१ मध्ये दाखविले, की प्रकाश हा अवतरंग आहे. अवतरंगाला माध्यम लागते ते घन, आणि वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर असेल तर ते माध्यम आपल्या जडत्वाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी पटींनी ताठ असावयास हवे. उलटपक्षी, पृथ्वी आणि इतर ग्रह त्याच ईथरातून युगानुयुगे फिरत असून त्यांना तसूभरही विरोध झालेला नाही, तेव्हा ते हवेहूनही विरळ असावयास हवे. पोलादाहून ताठ आणि धुक्याहून पातळ! त्या काळच्या पंडितांनी हे अंगावर घेतले, त्यासाठी डांबर आणि लाख यांच्यासारख्या पदार्थांचे दाखले दिले, कारण जासुदावाचून खलिता जाईल ही कल्पना त्यांच्या बुद्धीला याहूनही असह्य वाटत होती. त्यांना आज कोणी हसेल तर ते मला रुचणार नाही. आपल्या अनुभवातला प्रत्येक तरंग कशाचा तरी असतो, आणि अनुभवाची साथ सोडण्याआधी त्यांनी तो शेवटपर्यंत ताणून पाहिला, यात विचाराची शिस्तच दिसते.

ईथर असेल तर पृथ्वी त्यातून सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने जात आहे, आणि तिच्यावरच्या प्रयोगशाळेतून ईथराचा वारा वाहत असला पाहिजे. वाहत्या कृष्णेत एक पोहणारा आडवा जाऊन परत आला आणि दुसरा तेवढेच अंतर प्रवाहाच्या दिशेने जाऊन उलट पोहत परत आला, तर दुसऱ्याला नेहमीच अधिक वेळ लागतो. मायकेलसन आणि मोर्ली यांनी १८८७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे प्रकाशाचेच असे दोन पोहणारे सोडले. पाऱ्यावर तरंगणाऱ्या जड शिळेवर आरसे मांडून त्यांनी ती शिळा सर्व दिशांना फिरविली; परंतु दोन्ही किरण प्रत्येक वेळी बरोबरच परत आले. नदीचा मागमूसही लागला नाही.

उत्तराची सामग्री वास्तविक आधीच तयार होती. मॅक्सवेल या स्कॉटिश पदार्थवैज्ञानिकाने १८६० नंतरच्या काही वर्षांत वीज आणि चुंबकत्व यांचे नियम गणिताच्या भाषेत एकत्र गुंफले. पदार्थाच्या तरंगाला जसे जडत्व आणि ओढ, तशा दोन राशी वीज आणि चुंबकत्व यांच्या मोजमापातून त्याच्या हाती आल्या, आणि त्यांच्यावरून त्याने वेग काढला तो सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर. त्यापूर्वी १८४९ मध्ये फिझो याने दात्यांचे चक्र फिरवून प्रकाशाचा वेग मोजला होता तो सुमारे ३,१५,०००. ज्या मोजमापात दिवा नाही, आरसा नाही, केवळ विद्युत्‌भार आणि तारांची वेटोळी आहेत, त्यातून प्रकाशाचा वेग निघावा, हा मला तरी मनुष्यबुद्धीच्या इतिहासातला एक थोर क्षण वाटतो. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय तरंग होय. हेन्रिक हर्ट्‌झ याने १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूह येथे ठिणगी पाडून असे अदृश्य तरंग प्रत्यक्ष उत्पन्न केले, आणि १८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बसू यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीचे तरंग घडवून त्यांच्यावर परावर्तनाचे आणि वक्रीभवनाचे प्रयोग करून दाखविले.

रित्या अवकाशात हलते तरी काय, याचे उत्तर असे: अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला एक अवस्था असते. तेथे विद्युत्‌भार ठेवला तर त्याच्यावर किती आणि कोणत्या दिशेने बल लागेल हे ती अवस्था ठरविते, आणि भार तेथे नसला तरी अवस्था असतेच. तिला क्षेत्र म्हणतात. विद्युत्‌क्षेत्र बदलू लागले की त्याच्या शेजारी चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, चुंबकीय क्षेत्र बदलू लागले की विद्युत्‌क्षेत्र उत्पन्न होते, आणि ही परस्परांना जन्म देणारी जोडी सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर वेगाने पुढे निघून जाते. येथे जासूद नाही, चौकी नाही. खलिता स्वतःच आपल्यापुढे दुसरा खलिता लिहीत जातो. खुद्द मॅक्सवेलची ईथरावरची श्रद्धा अखेरपर्यंत ढळली नाही. ईथराला बरखास्त केले ते आइन्स्टाइनने, १९०५ मध्ये, त्याची आता गरज नाही असे शांतपणे नमूद करून.

पदार्थात शिरल्यावर प्रकाशाला मात्र अडचण होते. पाण्यात तो सेकंदाला सुमारे २,२५,००० किलोमीटर, काचेत सुमारे २,००,००० आणि हिऱ्यात सुमारे १,२४,००० किलोमीटर चालतो. म्हणजे जे द्रव्य ध्वनीला उचलून धरते तेच प्रकाशाला रोखते. कारण येणारे विद्युत्‌क्षेत्र अणूंतील इलेक्ट्रॉनांना डोलवते, ते डोलताना आपले स्वतःचे क्षीण तरंग सोडतात, आणि मूळ तरंग व हे उशिरा निघालेले तरंग मिसळून जो संमिश्र तरंग बनतो त्याचे माथे मागे रेंगाळतात. काचेतून बाहेर पडताच प्रकाश पुन्हा पूर्ण वेगाने जातो, कारण त्याला कोणी थकविलेले नसते. मध्ये पडणारे तेवढे संपलेले असतात.

आकाशातून येणारे असेच, पण लांब तरंग टिपण्यासाठी पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या प्रदेशात विखरून उभ्या आहेत. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण जवळून पाहणाऱ्याला पहिले आश्चर्य वाटते ते तिच्या पृष्ठभागाचे. ती भरीव नसून बारीक तारेची जाळी आहे. रेडिओ तरंग हे प्रकाशाचेच भावंड, परंतु येथे टिपले जाणारे तरंग २१ सेंटिमीटरांपासून दोन मीटरांपर्यंत लांब असल्यामुळे जाळीची छिद्रे त्यांच्या हिशेबी नसल्यासारखीच असतात; जुन्नरचा वारा जाळीतून आरपार जातो आणि आकाशातला तरंग परत फिरतो. या तबकड्या स्पंदक ताऱ्यांचे ठोकेही ऐकतात. ताऱ्यांमधले अवकाश अगदीच रिते नाही, त्यात विरळ इलेक्ट्रॉन भटकत असतात, आणि ते आखूड तरंगांना फारसे अडवीत नाहीत पण लांब तरंगांना उशीर लावतात. एकाच क्षणी निघालेला ठोका म्हणून निरनिराळ्या लांबीवर निरनिराळ्या क्षणी पोहोचतो, आणि त्या उशिरावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची मोजदाद करता येते. खरोखर रित्या अवकाशात असा भेदभाव नाही. तेथे तांबडा, निळा, रेडिओ, क्ष-किरण या सर्वांचा वेग एकच.

आणि तोच वेग आणखी एका जातीच्या तरंगांचाही असला पाहिजे, असे आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून निघत होते. १९१६ मध्ये त्याने वर्तविलेले गुरुत्वीय तरंग हे अवकाशातून जाणारे तरंग नव्हेत, तर खुद्द अवकाशाच्याच ताणाचे आणि आकसण्याचे तरंग होत. ते पहिल्याने सापडले १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील लायगो या वेधशाळांत, जेथे चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी बाहूंमधला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म प्रमाणात मोजला जातो. एवढी क्षीण चाहूल कोलाहलातून निवडून काढण्याच्या गणिती पद्धतींत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांचा मोलाचा वाटा आहे, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगोच्या वेधशाळांना दोन न्यूट्रॉन तारे परस्परांवर कोसळल्याची थरथर जाणवली, आणि १.७ सेकंदांनी त्याच घटनेचे गॅमा किरण अंतराळातल्या उपग्रहावर उमटले. दोन्ही तरंग सुमारे १३ कोटी वर्षे चालत होते. निघाले तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता, सह्याद्रीचा काळा पाषाणही अजून वाहून थिजायचा होता. खोडदच्या तबकड्यांनीही पुढे त्याच घटनेचे रेडिओ तरंग टिपले, परंतु ते पुष्कळ उशिरा आले. वाटेत कोठे रेंगाळले म्हणून नव्हे. त्या टकरीतून उधळलेले द्रव्य आसपासच्या विरळ वायूवर जाऊन आदळेपर्यंत ते तेथून निघालेच नव्हते.